कागदाची चकती आणि ड्रायव्हरची झोप

७ फेब्रुवारी १९७९ रोजी लक्झेंबर्ग इथल्या युरोपीय न्यायालयाने ब्रिटनच्या विरोधात एक निकाल दिला. वाद होता तळहातावर मावेल एवढ्या कागदाच्या गोल चकतीचा. ट्रकच्या स्पीडोमीटरमध्ये ही चकती घालायची. गाडी किती वाजता निघाली, किती वेगाने धावली, कुठे किती वेळ उभी राहिली हे तिच्यावर आपोआप उमटायचं, आणि दिवस संपला की ती काढून जपून ठेवायची. ब्रिटिश सरकारचं म्हणणं असं, की आमच्या चालकांना ही चकती नको आहे, सक्ती केली तर विरोध पेटेल आणि मालवाहतूक अडेल. तेव्हा ज्याला बसवायची त्याने ती स्वखुशीने बसवावी. न्यायालयाने ते मानलं नाही. घरात अडचण आहे म्हणून सगळ्यांनी मिळून केलेला नियम एखाद्या देशाला सोयीपुरता पाळता येणार नाही, असं त्याने सांगितलं.

माणसाने सलग किती तास गाडी चालवावी, या साध्या प्रश्नाचा इतिहास या चकतीभोवती फिरतो. तासांचा आकडा ठरवायला जगाला फार वेळ लागला नाही. तो आकडा रस्त्यावर पाळला जातो की नाही हे कळायला मात्र ब्रिटनमध्ये पन्नास वर्षं गेली. आपल्याकडे ते आजही कळत नाही, आणि ही हकीकत सांगावीशी वाटते ती त्यासाठीच.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश सैन्याकडे हजारो लॉऱ्या पडून होत्या. त्या विक्रीला निघाल्या. घरी परतलेल्या सैनिकांनी हातात आलेली रक्कम त्यात घातली आणि मालकही आपण, ड्रायव्हरही आपणच, असा धंदा सुरू केला. एकाने भाडं उतरवलं की दुसरा त्याच्याहून उतरवायचा. पण भाडं उतरलं म्हणून पेट्रोल कमी लागत नाही, टायर कमी झिजत नाहीत. काटकसर करता येते ती एकाच गोष्टीत, चालवणाऱ्याच्या झोपेत. रात्रभर लॉरी हाकून सकाळी माल उतरवायचा आणि परतीचं भाडं मिळालं की पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं, हे नेहमीचं झालं.

१९२८ मध्ये सर आर्थर ग्रिफिथ-बॉस्कावेन यांच्या अध्यक्षतेखाली वाहतुकीविषयीचं रॉयल कमिशन बसलं. त्याच्या शिफारशींतून १९३० चा रोड ट्रॅफिक ॲक्ट आला. तेव्हा वाहतूकमंत्री होते मजूर पक्षाचे हर्बर्ट मॉरिसन. या कायद्याने मोटारगाड्यांवरची ताशी २० मैलांची जुनी वेगमर्यादा काढून टाकली, आणि त्याच कायद्याच्या १९ व्या कलमाने लॉरी व बस चालवणाऱ्यांच्या तासांना मर्यादा घातली. सलग साडेपाच तासांहून अधिक चालवायचं नाही, २४ तासांत एकूण ११ तासांहून अधिक नाही, आणि त्या २४ तासांत सलग १० तास विश्रांती मिळालीच पाहिजे. दिवस मोजायचा तो मध्यरात्रीपासून नव्हे, पहाटे दोनपासून. रात्रीची खेप दोन तारखांत वाटून नियम चुकवता येऊ नये, हे कायदा लिहिणाऱ्याच्या ध्यानात असावं. थकलेल्या चालकापासून लोकांचं रक्षण व्हावं हा हेतू कलमाच्या आरंभीच लिहिलेला होता.

तीन वर्षांनी दुसऱ्या कायद्याने नोंदीची सक्ती आली. चालकाने रोजचा कागद भरायचा आणि परवानाधारक मालकाने तो सांभाळायचा. इथेच गोष्ट बिघडली. कागद भरणाऱ्याची रोजी मालकाच्या हाती आणि मालकाचा नफा खेपांवर, तेव्हा त्या कागदावर बहुधा तेच लिहिलं जाणार जे दोघांना हवं आहे. ही चूक पुढे अनेक देशांनी जशीच्या तशी केली.

अमेरिकेत १९३५ च्या मोटर कॅरिअर ॲक्टने हा अधिकार आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे गेला. आयोगाने १९३७ च्या अखेरीस पहिले नियम केले तेव्हा कामगार संघटनांना ते फार सैल वाटले. त्यांची मागणी दिवसाला आठ तासांची होती. १९३८ मध्ये नियम बदलले आणि दहा तास चालवणं, मग आठ तास विश्रांती, असा आकडा पक्का झाला. आयोगाने सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेला या प्रश्नाचा अभ्यासही करायला सांगितलं. तिच्या डॉक्टरांनी बाल्टिमोर, नॅशव्हिल आणि शिकागो इथे जवळजवळ नऊशे ट्रकचालकांची तपासणी केली. गाडी न चालवता आलेले, दहा तासांपर्यंत चालवून आलेले आणि दहा तासांहून अधिक चालवून आलेले अशा गटांत त्यांच्या हाताची स्थिरता, नजर, प्रतिक्रियेचा वेग मोजला. १९४१ साली अहवाल प्रसिद्ध झाला. तास वाढत जातात तशी कुवत उतरत जाते हे त्यात मोजमापासह आलं होतं. ट्रकवाल्यांना त्यात नवं काही नव्हतं, पण आता ते सरकारी कागदावर होतं.

तरीही अमेरिकेने १९६२ मध्ये जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं मोठं अज्ञान वाटतं. नियमातून '२४ तासांत' हे शब्द गळले. दहा तास गाडी आणि आठ तास विश्रांती मिळून अठरा तास झाले की चालक पुन्हा दहा तासांसाठी मोकळा. म्हणजे आज सकाळी सहाला निघालेला माणूस नियमाप्रमाणे मध्यरात्री बाराला पुन्हा निघणार, आणि त्यानंतर संध्याकाळी सहाला. शरीर चोवीस तासांच्या चक्रावर चालतं आणि कामाचं चक्र अठराचं; झोपेची वेळ रोज सहा तासांनी मागे सरकणार. एकाच चोवीस तासांत सोळा तास गाडी चालवणं त्यामुळे कायदेशीर झालं. हे चक्र बदलायला २००४ साल उजाडलं. नोंद तर चालकाच्या हातच्या वहीतच होती. त्या वहीला ट्रकवाले 'कॉमिक बुक' म्हणत, इतकी ती काल्पनिक मजकुराने भरलेली असायची. वहीची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्राने घेतली ती २०१७ च्या डिसेंबरात.

जर्मनीची वाट वेगळी होती. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागातलं फिलिंगन हे घड्याळं बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या किन्झले कंपनीने टॅक्सीचे मीटर केले आणि मग गाडीत बसणारं नोंदयंत्र, ज्याला पुढे सगळे टॅकोग्राफ म्हणू लागले. घड्याळ चालवतं ती मेणाचा पातळ थर दिलेली कागदी चकती, चोवीस तासांत एक फेरी. चकतीच्या कडेने तासांचे आकडे छापलेले. तिच्यावर तीन बारीक सुया टेकलेल्या असतात. पहिली वेग ओढते. दुसरी अंतराची नागमोडी रेघ काढते. सुई एकदा वर गेली की पाच किलोमीटर, खाली आली की आणखी पाच. तिसरी दाखवते की माणूस गाडी चालवतो आहे, माल चढवण्या-उतरवण्यासारखं दुसरं काम करतो आहे की विश्रांती घेतो आहे. मधल्या मोकळ्या जागेत चालकाने आपलं नाव, निघाल्याचं गाव, तारीख, गाडीचा नंबर आणि मीटरचा आकडा लिहायचा. मध्येच झाकण उघडलं तर तीही खूण उमटते. पश्चिम जर्मनीने १९५३ पासून जड ट्रक आणि बसना हे यंत्र सक्तीचं केलं.

या यंत्राचं महत्त्व तिसऱ्या सुईत आहे. गोदामाच्या फाटकावर सहा तास ताटकळलेला ड्रायव्हर त्या सहा तासांत गाडी चालवत नव्हता, पण झोपलाही नव्हता. हातच्या नोंदीत हा काळ कुठेच दिसत नाही. चकतीवर तो दिसतो.

ब्रिटनमध्ये ही चकती आणायचा पहिला प्रयत्न बार्बरा कासल यांनी केला. वाहतूकमंत्री म्हणून त्यांनी ऑक्टोबर १९६७ मध्ये दारू प्यायलेल्या चालकाचा श्वास तपासण्याची पद्धत देशात सुरू केली होती. पुढच्याच वर्षीच्या ट्रान्सपोर्ट ॲक्टने चालवण्याची मर्यादा अकरा तासांवरून दहावर आणली, आणि गाडीत नोंदयंत्र बसवण्याचं कलमही त्यात होतं. कलम पास झालं, पण अंमलात आलं नाही. श्वासाच्या तपासणीला संसदेत नि पबमध्ये कितीही विरोध झाला तरी ती टिकली. त्याच मंत्र्याचं थकव्याचं यंत्र मात्र कागदावर राहिलं.

कारण या वेळी विरोधात कामगार संघटनाच उभ्या होत्या. त्यांनी चकतीला नाव दिलं 'केबिनमधला हेर'. त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. मूळ पगार तुटपुंजा आणि घर चालायचं ते ओव्हरटाइमवर. तास मोजले गेले की कमाई घटणार. शिवाय चकती मालकाच्या टेबलावर जाणार आणि चहाला बारा मिनिटं का थांबलास, म्हणून तो विचारणार. ही भीती खोटी नव्हती. पण तीच चकती मालकाविरुद्धही साक्ष देते. चौदा तासांची खेप ज्याने सांगितली, त्याचा हुकूम तिच्यावर उमटलेला राहतो आणि चालकाला नोकरीची धमकी देऊन तो पुसता येत नाही. संघटनांनी ही दुसरी बाजू वेळेवर ओळखली असती तर ब्रिटनच्या चालकांची दहाएक वर्षं वाचली असती, असं माझं मत आहे.

दरम्यान ब्रसेल्समध्ये युरोपीय आर्थिक समुदायातल्या सहा देशांनी १९६९ साली सामाईक नियम केला: सलग चार तास, दिवसाला आठ तास, आठवड्यातून दोनदा नऊ. पुढच्याच वर्षी टॅकोग्राफची सक्ती ठरली. १९७३ मध्ये ब्रिटन या समुदायात गेला, नव्या गाड्यांसाठीची १९७६ ची मुदत त्याने पाळली नाही, आणि प्रकरण लक्झेंबर्गला पोचलं. निकालानंतर १९८१ च्या अखेरीपर्यंत ब्रिटनच्या जड गाड्यांत चकती बसली. १९३० चं कलम आणि ते तपासण्याची सोय यांत एक्कावन्न वर्षांचं अंतर पडलं.

लबाडी संपली नाही. कुणी फ्यूज काढला, कुणी सुई वाकवली, कुणी घरी झोपलेल्या दुसऱ्याच्या नावाची चकती घातली. म्हणून मे २००६ पासून नव्या गाड्यांत डिजिटल यंत्र आणि प्रत्येक चालकाच्या नावाचं कार्ड आलं. आजचा युरोपीय नियम साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटं विसावा, दिवसाला नऊ तास (आठवड्यातून दोनदा दहा), आठवड्याला ५६ आणि दोन आठवड्यांत मिळून ९० तास असा आहे. त्याच नियमात आणखी एक कलम आहे, ते आपल्या कुठल्याही चर्चेत येत नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेला धोका होईल अशा रीतीने किलोमीटरवर किंवा मालाच्या वजनावर चालकाला पैसे देणं तिथे बेकायदा आहे. झोप विकायला लावणारी मजुरीच त्यांनी बंद केली.

आता आपल्याकडे येऊ. भारताचा कायदा जुना आहे, अनेकांना वाटतं त्याहून फार जुना. १९२७ साली रस्त्यांच्या विकासासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर. पेट्रोलवर कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभारावा ही त्या समितीची शिफारस, आणि तिच्यातून पुढे रस्त्यांना पैसा मिळाला. रस्ते वाढले, लॉऱ्या वाढल्या, रेल्वेचं भाडं बुडू लागलं. त्या स्पर्धेला वेसण घालण्याच्या विचारात १९३९ चा मोटार वाहन कायदा तयार झाला. त्याला फेब्रुवारी १९३९ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या ६५ व्या कलमात होतं: पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला ५४ तास. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने रस्ते वाहतुकीतल्या तासांचा ६७ क्रमांकाचा करार केला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये. म्हणजे भारतीय कलम चार महिन्यांनी थोरलं.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा आला आणि आकडे आणखी माणुसकीचे झाले. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा आणि ५४. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास विश्रांती, ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी, रात्री थांबावं लागणाऱ्यांसाठी विश्रांतिगृह. पण हा कायदा लागू होता तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला, आणि आपल्या मालवाहतुकीचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने हेच तास व्यावसायिक वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू केले खरे, पण नोंद मालकाच्या रजिस्टरात ठेवायची तीच १९३३ ची इंग्रजी रीत. त्याच ९१ व्या कलमात एक पोटकलम आहे, ते वाचून मी थांबलो होतो. काम नसताना चालकाला गाडीवर किंवा गाडीजवळच थांबावं लागत असेल तर कुठल्या परिस्थितीत तो काळ विश्रांतीचा मानावा हे राज्य सरकारला ठरवता येतं. भर उन्हात ट्रकखाली अंथरूण टाकून मालाची राखण करत पडलेल्या माणसाचे ते तास कायद्याच्या हिशेबात विश्रांतीत मोडू शकतात.

जिथे नोंद तिसऱ्याच्या हातात असते तिथे हा कायदा पाळला जाऊ शकतो, याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून आगार, ड्युटीचा तक्ता, वाहतूक नियंत्रकाची नोंद, मुक्कामी गाडीचा मुक्काम ही सगळी व्यवस्था उभी राहिली. एसटीतही डबल ड्युटीच्या तक्रारी आहेत, विश्रांतिगृहांची दुरवस्था आहे. तरी एसटीचा चालक किती वाजता गाडी घेऊन निघाला हे आगारात लिहिलेलं असतं आणि त्यावर भांडता येतं. खेपेवर पैसे घेणाऱ्या ट्रकचालकाला किंवा रोज रात्री नागपूर-पुणे करणाऱ्या खासगी बसच्या ड्रायव्हरला भांडायला कागदच नाही.

ट्रकसाठी एक चांगला नियम आपण केला होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या जड ट्रकवर दोन चालक असणं बंधनकारक होतं, आणि केबिनमध्ये चालकाच्या सीटमागे पूर्ण रुंदीची जागा हवी होती, म्हणजे दुसऱ्याला पाय पसरून झोपता यावं. चालकाच्या झोपेचा उल्लेख करणारा एवढा स्पष्ट नियम आपल्याकडे दुसरा मला आढळला नाही. अनेक मालक दुसऱ्या ड्रायव्हरच्या जागी क्लीनर बसवत, हे खरं. त्यावर उपाय होता तपासणी कडक करण्याचा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन चालकांची अटच काढून टाकली. तासांची मर्यादा कायम, तास मोजणारं यंत्र नाही, आणि आता जागं राहायला दुसरा माणूसही नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. सरळ रस्ता, मध्ये ना गाव, ना सिग्नल, ना वळण. सुरुवातीच्या महिन्यांत थांबून चहा प्यावा अशी जागाही फार थोडी. अपघात वाढले, 'महामार्ग संमोहन' हा शब्द वर्तमानपत्रांत आला, रस्त्याच्या कडेला रंगीत झेंडे आणि फलक लावायच्या सूचना झाल्या. झेंड्यांनी नजर दोन क्षण हलेल. सोळा तास जागा असलेला माणूस झेंड्यांनी ताजा होत नाही.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटा शोधनिबंध लिहिला. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी खाली येते असं त्यांना आढळलं. चोवीस तासांच्या जागरणानंतर ती सुमारे ०.१० टक्क्याइतकी. भारतात ०.०३ टक्क्याला चालकावर गुन्हा दाखल होतो. म्हणजे ज्या अवस्थेला आपण दारूच्या नावाखाली तुरुंगाची शिक्षा ठेवली आहे, त्याहून वाईट अवस्थेतला माणूस दारूचा थेंबही न घेता नाक्यावरून पुढे जातो, कारण पोलिसाच्या हातात श्वास तपासणारं यंत्र आहे आणि जागरण तपासणारं काहीही नाही. बार्बरा कासल यांच्या दोन यंत्रांपैकी आपण एकच घेतलं.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी विमानाच्या वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत आणि डुलकी ओळखणारे सेन्सर बसवावेत असं म्हटलं. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, तेही हवंच होतं. पण तास १९३९ पासून ठरलेलेच आहेत. हवी आहे ती नोंद, मालकाच्या आणि चालकाच्या दोघांच्याही हाताबाहेरची, आणि हवी आहे खेपेवरच्या मजुरीला बंदी. जीपीएस आज हजारो बस-ट्रकमध्ये बसलेलं आहे. त्याला चालकाच्या कार्डाची जोड दिली की चकतीचं काम होतं. चालकांचे तास आधी ठरवून घ्या असं मालकांना सांगण्याचा अधिकार ९१ व्या कलमाने राज्य सरकारला दिलेला आहे. महाराष्ट्राने तो समृद्धीवर धावणाऱ्या रात्रीच्या बसपासून वापरायला सुरुवात करावी.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढताना सीट खिडकीची आहे का, एसी चालतो का, हे आपण विचारतो. गाडीवर ड्रायव्हर किती आहेत आणि आज चालवणारा काल रात्री कुठे होता, हेही विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर त्या गाडीने जाऊ नका.